नेट बुक करार : एका परवानगीचं आयुष्य

अप्पा बळवंत चौकात 'किती टक्के सोडणार?' असं न विचारता पुस्तक घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पुस्तक प्रदर्शनाच्या दारावर सवलतीचा बोर्ड नसेल तर आपण आत पाऊलही टाकत नाही. त्यामुळे आजची गोष्ट आधी जरा विचित्र वाटेल. इंग्लंडमध्ये १९०० पासून १९९५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं, नव्या पुस्तकावर छापील किमतीपेक्षा एक पेनीही कमी घ्यायची दुकानदाराला मुभा नव्हती. घेतलीच, तर प्रकाशक त्याचा माल बंद करायचे. एक प्रकाशक नव्हे, सगळे मिळून. आता सगळ्या विक्रेत्यांनी किंवा उत्पादकांनी मिळून किंमत बांधायची याला आपण सरळ भाषेत संगनमत म्हणतो. पण १९६२ मध्ये एका कोर्टाने भरपूर साक्षीपुरावे ऐकून निर्णय दिला की हे संगनमत लोकांच्या भल्याचं आहे, चालू द्या. आणि १९९७ मध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की आता पुरे.

मला या गोष्टीत रस आहे तो मधल्या पस्तीस वर्षांसाठी. एखाद्या धंद्याच्या व्यवस्थेला सरकारी यंत्रणेने एकदा 'हो' म्हटलं, लोकांनी त्या भरवशावर पैसे घातले, दुकानं काढली, माणसं नोकरीला ठेवली. मग तो 'हो' मागे कधी घेता येतो? वाटेल तेव्हा घेता येत असेल तर परवानगीला अर्थ काय? आणि कधीच घेता येत नसेल तर परवानगी म्हणजे वतनच झालं की!

तर, पहिल्यापासून सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनच्या पुस्तक विक्रेत्यांची एक संघटना होती आणि तीही किमती बांधूनच ठेवायची. जॉन चॅपमन नावाच्या विक्रेत्या-प्रकाशकाने बंड केलं, वाद पेटला आणि १८५२ मध्ये तो लॉर्ड कॅम्पबेल यांच्या लवादापुढे गेला. खुल्या व्यापाराचा जमाना होता. डिकन्ससारखे लेखकही किंमत बांधण्याच्या विरोधात होते. कॅम्पबेलनी संघटनेच्या विरोधात कौल दिला आणि संघटना बंद पडली. म्हणजे पहिल्या फेरीत परवानगी मिळालीच नाही.

पुढची चाळीस वर्षं सवलतीची चंगळ झाली. एका शिलिंगमागे तीन पेन्स सूट हा रिवाजच पडला. एका शिलिंगचे बारा पेन्स, म्हणजे सरळ पंचवीस टक्के. गिऱ्हाईक खूश. पण दुकानदाराच्या हातात काही उरेना. मग तो चालणारी चार पुस्तकं ठेवणार आणि बाकीच्यांना 'मागवून देतो' म्हणणार, किंवा पुस्तकांच्या शेजारी दौत, कागद आणि खेळणी मांडणार. (आपल्याकडच्या अर्ध्या 'बुक डेपों'मध्ये काय काय मिळतं ते आठवा.)

यावर फ्रेडरिक मॅकमिलन या प्रकाशकाने तोडगा काढला. दुकानदाराला मिळणारं कमिशन कमी ठेवायचं, पुस्तकाची किंमत 'नेट' म्हणून छापायची आणि त्यावर सूट देणाऱ्याला पुस्तकच द्यायचं नाही. १८९० मध्ये त्याने हा प्रयोग ज्या पुस्तकावर केला ते होतं आल्फ्रेड मार्शल यांचं 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स', किंमत साडेबारा शिलिंग नेट. मागणी-पुरवठ्याची ती कात्रीसारखी आकृती जगाला ज्यांनी शिकवली त्यांच्याच पुस्तकाची किंमत बाजाराच्या हातातून काढून घेतली गेली! हा विनोद मॅकमिलनच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे.

प्रयोग चालला. इतर प्रकाशकही आले आणि १ जानेवारी १९०० पासून नेट बुक करार लागू झाला. त्यानंतर लवकरच त्याची परीक्षा झाली. 'द टाइम्स' या वर्तमानपत्राने १९०५ मध्ये वर्गणीदारांसाठी एक बुक क्लब काढला. आधी पुस्तकं वाचायला द्यायची आणि मग तीच जवळजवळ कोरी पुस्तकं 'वापरलेली' म्हणून स्वस्तात विकायची. प्रकाशकांनी टाइम्सला पुस्तकं देणं बंद केलं, टाइम्सने प्रकाशकांवर अग्रलेखांचा भडिमार केला. हे भांडण १९०८ पर्यंत चाललं, एका प्रकाशकाने बदनामीचा दावा लावून साडेसात हजार पौंड वसूलही केले आणि शेवटी टाइम्सने माघार घेतली. करार टिकला. यापुढे पन्नास वर्षं त्याच्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही.

आता येतो १९५६ चा कायदा. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये असे शेकडो करार होते. सिमेंटपासून गालिच्यांपर्यंत सगळ्यांच्या संघटना आणि सगळ्यांच्या बांधलेल्या किमती. सरकारने रिस्ट्रिक्टिव्ह ट्रेड प्रॅक्टिसेस ॲक्ट आणला. त्याची रचना मला फार आवडते. असा प्रत्येक करार सरकारी नोंदवहीत नोंदवायचा. मग रजिस्ट्रारने तो एका खास कोर्टापुढे न्यायचा. तिथे न्यायाधीशांबरोबर उद्योग-व्यवहारातली माणसंही बसणार. आणि सुरुवातच अशी की करार लोकहिताच्या विरुद्ध आहे हे गृहीत! तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी करार करणाऱ्यांची. त्यासाठी कायद्यात सात वाटा ठेवल्या होत्या, त्यांना 'गेटवे' म्हणत. सातांपैकी एका तरी दारातून आत शिरायचं आणि मग फायदे-तोटे तराजूत घालून फायद्यांचं पारडं जड आहे हेही दाखवायचं.

ही रचना आपल्या घरातलीसुद्धा आहे. १९६९ चा आपला एमआरटीपी कायदा आठवतोय? त्याच्या ३८ व्या कलमातली दारं या ब्रिटिश दारांवरूनच बेतलेली होती.

बहुतेक करार या कोर्टात पडले, आणि जे पडणार हे दिसत होतं ते लोकांनी आधीच गुंडाळले. नेट बुक करार मात्र उभा राहिला. प्रकाशकांनी १९५७ मध्ये तो नव्याने लिहून काढला आणि १९६२ मध्ये न्यायमूर्ती बकली यांच्या कोर्टात लढवला. त्यांचा युक्तिवाद चार शब्दांत सांगायचा तर, पुस्तक म्हणजे साबण नव्हे. साबणाच्या दुकानात दहा प्रकार ठेवले तरी भागतं. पुस्तकाच्या दुकानात हजारो वेगवेगळ्या वस्तू लागतात, त्यातल्या बहुतेक वर्षाला एक-दोन खपतात, आणि कुठली खपेल हे प्रकाशकालाही माहीत नसतं. चालणाऱ्या पुस्तकांवरच्या नफ्यातून दुकानदार न चालणारी पुस्तकं कपाटात ठेवतो. सूट खुली केली की कुणीतरी भलताच दुकानदार फक्त चालणारी पुस्तकं उचलून स्वस्तात विकेल, आणि कपाटवाल्याचा आधारच जाईल.

कोर्टाला हे पटलं. ऑक्टोबर १९६२ च्या निकालात कोर्टाने म्हटलं की करार रद्द झाला तर तीन गोष्टी होतील: भरपूर पुस्तकं ठेवणारी दुकानं कमी होतील, पुस्तकं महाग होतील आणि कमी पुस्तकं प्रसिद्ध होतील. म्हणून करार लोकहिताचा.

इथे थोडं थांबू या, कारण माझ्या मते सगळी गोष्ट या तीन वाक्यांत आहे. आपण कोडमध्ये एखादा विचित्र दिसणारा निर्णय घेतला की शहाणा प्रोग्रामर वर एक कॉमेंट टाकतो: 'रोजचे व्यवहार दहा हजारांच्या आत राहतील असं धरून'. पाच वर्षांनी दुसरा कुणी येतो, व्यवहार दहा लाखांवर गेलेले असतात, तो कॉमेंट वाचतो आणि निर्धास्तपणे ते कोड काढून टाकतो. कॉमेंट नसेल तर कुणाची हिंमत होत नाही, आणि ते कोड तसंच राहतं, देवघरातल्या टाकासारखं. बकलींनी कॉमेंट लिहून ठेवली होती. 'करार चांगला आहे' एवढंच म्हणून ते उठले नाहीत. तो का चांगला आहे ते त्यांनी तीन अंदाजांच्या रूपात मांडलं, आणि अंदाज पुढे कधीतरी तपासता येतो.

आणि कायद्यानेही तेच ओळखलं होतं. १९५६ च्याच कायद्यात (आणि नंतर १९७६ च्या सुधारित कायद्यात) तरतूद होती की कोर्ट आपला आधीचा निर्णय मागे घेऊ शकतं. पण तसा अर्ज करायलाच आधी कोर्टाची परवानगी लागेल आणि ती मिळण्यासाठी 'संबंधित परिस्थितीत महत्त्वाचा बदल' झाल्याचा प्रथमदर्शनी पुरावा लागेल. नवा अधिकारी आला, त्याला करार आवडत नाही, एवढं कारण चालणार नाही. सरकार बदललं हेही नाही. ज्या पायावर 'हो' म्हटलं होतं तो पाया हलला आहे का, एवढाच प्रश्न.

योगायोग बघा, त्याच १९६२ च्या फेब्रुवारीत ब्रुसेल्समध्ये युरोपीय समुदायाने आपला स्पर्धाविषयक पहिला मोठा नियम केला, रेग्युलेशन १७. युरोपियन कमिशनने एखाद्या कराराला दिलेली सूट कधी मागे घ्यायची याची तिथे चार कारणं दिली होती. निर्णयाच्या मुळाशी असलेली वस्तुस्थिती बदलली, हे पहिलं. परवानगीसोबत घातलेली अट मोडली, हे दुसरं. परवानगी चुकीच्या माहितीवर किंवा फसवून मिळवली, हे तिसरं. मिळालेल्या सुटीचा गैरवापर केला, हे चौथं. यातली बारीक गंमत अशी की शेवटच्या तीन कारणांसाठी परवानगी मागच्या तारखेपासून रद्द करता यायची, म्हणजे जणू ती कधी नव्हतीच. पहिल्या कारणासाठी मात्र तसं नाही. परिस्थिती बदलली यात तुमचा काय दोष? तुम्ही काल जे केलंत ते कालच्या परवानगीने केलंत. उद्यापासून करू नका.

मला हा फरक इतका न्याय्य वाटतो की तो कुठल्याही कायद्यात नसला तर दचकायला होतं. असो.

ब्रिटनमध्ये परत जाऊ. १९६४ मध्ये एडवर्ड हीथ यांनी बाकी वस्तूंवरची किंमतबांधणी कायद्याने जवळजवळ मोडीत काढली. पुस्तकं आणि पुढे औषधं अशा मोजक्याच वस्तू सुटल्या. औषधांचं संरक्षण २००१ पर्यंत चाललं. पुस्तकांच्या दुनियेत मात्र हळूहळू तेच घडत होतं ज्याला कायदा 'परिस्थितीतला बदल' म्हणतो. १९८२ मध्ये टिम वॉटरस्टोन यांनी आपलं पहिलं दुकान काढलं आणि बघता बघता मोठ्या साखळ्या उभ्या राहिल्या. संगणकावर साठा कळू लागला. प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांची संख्या साठच्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास होती, ती नव्वदच्या दशकाच्या मध्यात लाखाच्या घरात गेली.

या साखळ्यांपैकी एक होती डिलन्स, आणि तिच्या मालक कंपनीचे, पेंटॉसचे, प्रमुख होते टेरी माहेर. करार मोडायचाच असा या गृहस्थांनी चंग बांधला. १९९१ मध्ये डिलन्सने काही पुस्तकं नेट किमतीखाली विकायला काढली. प्रकाशकांच्या संघटनेने कोर्टातून मनाई हुकूम आणला. कराराच्या मागे १९६२ चा निकाल होता ना! म्हणजे जो करार एरवी बेकायदा ठरला असता, तो मोडणाऱ्यालाच कोर्ट आता अडवत होतं. परवानगी म्हणजे काय चीज असते ते इथे कळतं. तिचा उपयोग नुसता ढाल म्हणून होत नाही, काठी म्हणूनही होतो.

दुसरी लढाई युरोपात चालू होती. आयर्लंडमध्येही तीच पुस्तकं, त्याच किमती. त्यामुळे युरोपियन कमिशनने १९८८ मध्ये या कराराला सूट नाकारली. प्रकाशक वर कोर्टात गेले, तिथे १९९२ मध्ये हरले, आणखी वर गेले आणि जानेवारी १९९५ मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात चक्क जिंकले.

जिंकले, आणि नऊ महिन्यांत करार मेला.

तो कुठल्या कोर्टाने मारला नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये ब्रिटनच्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगचे प्रमुख सर ब्रायन कार्सबर्ग यांनी जाहीर केलं की १९६२ च्या निर्णयाचा फेरविचार करा असं आपण कोर्टाला सांगणार. खटला उभा राहायला वेळ लागणार होता. पण तेवढ्या बातमीने प्रकाशकांच्या मनात पाल चुकचुकली. हॉडर हेडलाइन या मोठ्या प्रकाशकाने डिसेंबर १९९४ मध्येच आपण बाहेर पडतोय असं सांगितलं. मग सप्टेंबर १९९५ मध्ये हार्परकॉलिन्स आणि रँडम हाऊस बाहेर पडले, पाठोपाठ पेंग्विन. संघटनेने कराराची अंमलबजावणी थांबवली. संगनमताचं असंच असतं. सगळे आत आहेत तोवर ते किल्ल्यासारखं दिसतं, आणि दोघे-तिघे बाहेर पडले की कळतं, आत दगड नव्हतेच.

आणि टेरी माहेर? १९९३ मध्येच त्यांना कंपनी सोडावी लागली होती, आणि पेंटॉस मार्च १९९५ मध्ये बुडाली. ज्या सवलतीसाठी एवढं रान उठवलं, ती खुली झाली तेव्हा डिलन्स दुसऱ्याच मालकाची होती. १९९९ मध्ये तर दुकानांवरचं नावसुद्धा गेलं.

१३ मार्च १९९७ रोजी कोर्टाचा निकाल आला. परिस्थिती बदलली आहे, १९६२ मध्ये सांगितलेले तोटे करार गेल्याने होतील असं आता वाटत नाही, करार लोकहिताच्या विरुद्ध. पस्तीस वर्षांपूर्वीचा 'हो' अधिकृतपणे मागे. करार तोवर दीड वर्षं व्यवहारातून गेलेलाच होता. कुणी म्हणेल, मग या निकालाचा उपयोग काय? उपयोग होता. 'हो' कागदावर जिवंत राहिला असता तर उद्या तेच प्रकाशक पुन्हा एकत्र येऊन तीच काठी उचलू शकले असते.

बरं, मग बकलींच्या तीन अंदाजांचं काय झालं? आता हे तपासता येतं, कारण करार खरंच गेला.

कमी पुस्तकं निघतील, हा अंदाज साफ खोटा ठरला. संख्या वाढतच गेली. पुस्तकं महागतील, याचं उत्तर तुम्ही कुठे उभे आहात त्यावर आहे. जुलै २००७ मध्ये हॅरी पॉटरचं शेवटचं पुस्तक आलं, छापील किंमत १७ पौंड ९९ पेन्स. ॲस्डा या सुपरमार्केटने ते पाच पौंडाला विकलं. घाऊक व्यापाऱ्यापेक्षा ॲस्डाकडूनच घेणं परवडतं म्हणून छोटे दुकानदार तिथे रांगेत उभे राहिले, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. दुधाच्या पिशवीशेजारी पॉटर, लोकांना यायला लागावं म्हणून तोट्यात. पण कमी खपाच्या पुस्तकावर कोण सूट देतंय?

आणि दुकानं कमी होतील, हा पहिला अंदाज? १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये स्वतंत्र पुस्तक दुकानं १,८९४ होती, असं तिथल्या विक्रेत्यांच्या संघटनेचे आकडे सांगतात. २०१६ मध्ये उरली ८६७. निम्म्याहून कमी. (नंतर ती थोडी वाढून २०२२ मध्ये हजाराच्या वर गेली.) हा सगळा दोष १९९७ च्या निकालावर टाकणं अन्यायाचं होईल. ऑक्टोबर १९९८ मध्ये ॲमेझॉनने ब्रिटनमध्ये दुकान मांडलं, पुढे ई-बुकं आली, भाडी वाढली. तरीही तीन अंदाजांपैकी जो माणसांच्या पोटाशी सर्वात जास्त जोडलेला होता तो बऱ्यापैकी खरा ठरला, हे नाकारता येत नाही. हजारभर दुकानं म्हणजे हजारभर घरं, आणि ज्याला 'अमक्यासारखं अजून काही आहे का?' विचारावं असा हजारभर गावांतला एकेक माणूस.

मग कोर्टाचं चुकलं का? मला नाही वाटत. कोर्टाला जे साधन दिलं होतं ते दोनच खटक्यांचं होतं, चालू किंवा बंद. दुकानं वाचवायची असतील तर ती प्रकाशकांच्या खासगी करारातून वाचवणं हाच मुळात कच्चा पाया. फ्रान्सने १९८१ मध्ये संसदेत कायदा केला: पुस्तकावर जास्तीत जास्त पाच टक्के सूट. जर्मनीने २००२ मध्ये आपला जुना करार सोडून कायदाच केला. तीन प्रकाशक रुसून निघून गेले म्हणून कायदा कोसळत नाही, आणि नको असेल तर मतदारांना तो बदलून घेता येतो. पुस्तकांवर सूट नसावी हे मला ग्राहक म्हणून अजिबात मान्य नाही, पण ठरवायचंच असेल तर ते संसदेने ठरवावं, बंद खोलीतल्या संघटनेने नव्हे.

ही झाली परिस्थिती बदलल्याची गोष्ट, रेग्युलेशन १७ मधलं पहिलं कारण. तिसऱ्या कारणाची, म्हणजे चुकीच्या माहितीवर मिळवलेल्या परवानगीची, गोष्ट आपल्याच घरात घडून गेली आहे आणि तिच्यातलं दुकान आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे: बिग बझार.

२०१९ मध्ये ॲमेझॉनने किशोर बियाणींच्या फ्युचर कूपन्स या कंपनीत ४९ टक्के हिस्सा घ्यायचा ठरवलं. फ्युचर कूपन्सकडे बिग बझार चालवणाऱ्या फ्युचर रिटेलचे दहा टक्क्यांच्या जवळपास शेअर होते. आपल्या स्पर्धा आयोगाने, म्हणजे सीसीआयने, २८ नोव्हेंबर २०१९ रोजी परवानगी दिली. पुढे कोविड आला, दुकानं बंद पडली, कर्ज वाढलं. ऑगस्ट २०२० मध्ये फ्युचरने आपला रिटेल धंदा २४,७१३ कोटींना रिलायन्सला विकायचं जाहीर केलं. ॲमेझॉन म्हणालं, आमच्या करारानुसार आमच्या संमतीशिवाय हे विकता येत नाही, आणि सिंगापूरच्या लवादाकडून स्थगिती आणली. तेव्हा फ्युचर कूपन्सने सीसीआयकडे तक्रार केली: यांनी परवानगी मागताना तुम्हाला एक सांगितलं, कोर्टात दुसरंच सांगताहेत. तुमच्यापुढे म्हणाले रस कूपन कंपनीत आहे, इथे म्हणताहेत फ्युचर रिटेलवर आमचा हक्क आहे.

१७ डिसेंबर २०२१ रोजी सीसीआयने निर्णय दिला की ॲमेझॉनने व्यवहाराचा खरा हेतू लपवला. २०२ कोटींचा दंड आणि दोन वर्षांपूर्वीची परवानगी स्थगित. नव्याने सविस्तर अर्ज करा. ॲमेझॉनने हे आरोप फेटाळले आणि विचारलं, दिलेली परवानगी अशी काढून घ्यायचा अधिकार कायद्यात कुठे लिहिलाय? प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. २००२ च्या आपल्या कायद्यात चुकीची माहिती दिल्याबद्दल दंड आहे, पण मंजूर केलेल्या व्यवहाराची परवानगी मागे कधी घ्यायची याची ब्रुसेल्ससारखी स्वच्छ यादी नाही. उलट, व्यवहार पार पडल्यावर एक वर्षानंतर आयोगाने आपणहून चौकशी करू नये अशी मुदत आहे. सीसीआयचा मोठा आधार होता तो परवानगीच्या आदेशातलंच नेहमीचं, शेवटी ठोकळ्यासारखं येणारं एक वाक्य: दिलेली माहिती कधीही चुकीची आढळली तर हा आदेश रद्द समजावा. आपण ज्या अटी न वाचता 'मान्य' वर टिचकी मारतो तशातलं. :)

माहिती लपवली असेल तर परवानगी जावी, याबद्दल माझं दुमत नाही. पण ती कुठल्या कारणाने, किती वर्षांपर्यंत आणि कुठल्या तारखेपासून जाईल हे संसदेने कलमात लिहावं. आदेशाच्या शेपटीतल्या एका ओळीवर शेकडो कोटींचा व्यवहार लटकत ठेवू नये. तक्रार कुणी केली तेही पाहा: ज्याने स्वतः तो करार केला होता आणि ज्याला तो आता नकोसा झाला होता त्याने. १९९१ मध्ये परवानगी ही काठी होती, २०२१ मध्ये परवानगी काढून घेणं हीच काठी झाली.

जानेवारी २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लवादाचं कामकाज थांबवलं. ते पुन्हा सुरू व्हायला एप्रिल उजाडला. तोवर फेब्रुवारीत रिलायन्सने, ज्या जागांचे भाडेकरार तिच्याकडे आले होते ती बिग बझारची दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली होती. एप्रिलमध्ये फ्युचरच्या तारणधारक धनकोंनी विक्रीच्या विरोधात मत दिलं आणि रिलायन्सने व्यवहार सोडला. १३ जून २०२२ रोजी अपिलीय न्यायाधिकरणाने सीसीआयचा आदेश उचलून धरला. पुढच्या महिन्यात फ्युचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. २६ जानेवारीला 'सबसे सस्ता दिन' म्हणून ज्या दुकानांत आपण ट्रॉल्या ढकलत तास-तास रांगेत उभे राहिलो, त्यातली कितीतरी आज वेगळ्या पाट्या लावून तिथेच उभी आहेत.